तसबिरींचा कारागीर आणि त्याची मांडणी

छापील चित्रे स्वस्त झाली आणि महाराष्ट्रातील सामान्य घराच्या भिंतीवर तसबीर आली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. चित्रांना काच व चौकट बसवून देणाऱ्या कारागिरालाही त्यामुळे काम मिळाले.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, म्हणजेच घोडनदी, आणि दौंड या बाजारपेठांच्या गावी या कामाला मागणी असणे स्वाभाविकच आहे. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात आहे, तर भीमेपलीकडील सिद्धटेकला जाणारे यात्रेकरू दौंडमार्गे जातात. देवदेवतांच्या चित्रांबरोबरच शिवछत्रपती, महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरी आणि दिवंगत आप्तांची छायाचित्रे अशा कारागिराकडे येतात. यांतील शेवटचे काम सर्वांत जोखमीचे. काच फुटली तर नवी आणता येते. परंतु वडिलांचे एकुलते एक छायाचित्र डागाळले तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

म्हणूनच करवत, गुण्या आणि काच कापण्याचा हिरा यांच्याइतकेच महत्त्व दुकानातील मांडणीला आहे. २ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरते. तीन फूट बाय चार फुटांच्या दहा काचा म्हणजे अर्ध्या क्विंटलहून अधिक भार झाला. तो आडवा रचल्यास खालच्या काचेला तडा जाण्याचे भय असते. याकरिता लाकडी घोड्यावर, खाली पट्ट्या ठोकून, काचा किंचित कलत्या व कडेवर उभ्या ठेवाव्यात. चौकटीच्या पट्टीचे नेमके उलट आहे. ती भिंतीला टेकवून ठेवल्यास वाकते व कोपरा जुळत नाही. तिला तीन-चार ठिकाणी आधार देणाऱ्या आडव्या खुंट्याच हव्यात.

खरी बचत उरलेल्या तुकड्यांत आहे. बारा बाय सोळा इंचांच्या चित्राला एक इंच रुंदीची पट्टी लावावयाची तर चारही कोपऱ्यांचा तिरपा छेद धरून सुमारे ६४ इंच पट्टी लागते. दहा फुटी पट्टीतून ५६ इंच उरतात. त्यांत करवतीची घट धरूनही दहा बाय बारा इंचांची दुसरी चौकट निघते. मात्र तो तुकडा लांबीनुसार लावलेल्या खणात चटकन सापडला पाहिजे. ढिगाऱ्यात पडला की तो जळणातच जातो.

छायाचित्रांसाठी उथळ, रुंद खण असावेत आणि प्रत्येक चित्र ग्राहकाच्या नावाच्या पाकिटात सपाट राहावे. पाठीमागे वर्तमानपत्राची रद्दी घालण्याची सवय सोडणेच इष्ट, कारण तिच्यातील आम्लामुळे कागद पिवळा पडतो. छायाचित्र काचेला थेट टेकू देऊ नये, कारण ओल लागताच ते चिकटते.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत तसबीरकाराची स्वतंत्र नोंद नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. सुतारकामाचा मात्र तीत समावेश असून, पात्र कारागिरास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. घोडा, खुंट्या आणि खण मात्र कारागीर जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून स्वतःच ठोकू शकतो.