इंजिनाचा दाब घटला, तर दोष नेमका कोठे?

सकाळी इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, उभ्या गाडीत ते थरथरणे, चढावर ओढ कमी पडणे आणि इंधनाचा खर्च वाढणे, ही लक्षणे दिसताच इंजिन उघडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. हा खर्च मोठा असतो. रिक्षा किंवा टॅक्सीवर ज्यांचे पोट आहे, त्यांचे उत्पन्नही गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत बंद राहते. मात्र सिलिंडरमधील दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, कोठून निसटत आहे, हे इंजिन न उघडताही बऱ्याच अंशी समजू शकते.

पिस्टन वर येताना हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबले जाते. त्या वेळी सिलिंडर पूर्ण बंद असावा लागतो. दाब निसटण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन आहेत : झिजलेल्या पिस्टन रिंगा, नीट न बसणारे व्हॉल्व्ह आणि फुटलेले हेड गॅस्केट.

दाब कसा मोजावा?

पेट्रोल इंजिन आधी गरम करून सर्व स्पार्क प्लग काढावेत. इंधनपुरवठा आणि ठिणगी बंद ठेवावी. बॅटरी पूर्ण भारित असावी. मापक प्लगच्या जागी बसवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन काही फेरे फिरवावे. अनेक मोटारींत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलोग्रॅम असतो. तथापि उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. सिलिंडरांमधील तफावतही तितकीच महत्त्वाची असते.

एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आढळल्यास त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजणी करावी. दाब स्पष्टपणे वाढला, तर रिंगा झिजल्याचा संशय बळावतो. तो तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे लक्ष द्यावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकाच वेळी कमी असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटलेले असू शकते. सर्वच सिलिंडरांचा दाब सारखा कमी असल्यास टायमिंग बेल्ट किंवा चेन सरकली आहे का, हे पाहावे.

यापुढची तपासणी कानाने होते. पिस्टन वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडतात. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो; एअर फिल्टरकडून आली, तर इनटेक व्हॉल्व्ह; ऑइल भरण्याच्या तोंडातून आली, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसल्यास गॅस्केट किंवा हेडमधील तड्याची शक्यता असते.

सीएनजी वाहनांत विशेष दक्षता

पूर्वी पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि बैठकी अधिक कठीण धातूच्या करणे आवश्यक ठरले. सीएनजी हे कोरडे इंधन असल्याने मूळ पेट्रोलसाठी बनविलेल्या इंजिनात बैठकीची झीज लवकर होऊ शकते.

बैठक झिजली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये अधिक आत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. फट सैल झाली, तर टकटक आवाज येतो. आवळली, तर कोणताही आवाज येत नाही. म्हणूनच हा दोष दुर्लक्षित राहतो. फट उरलीच नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची उष्णता बैठकीकडे जात नाही आणि अखेर त्याची कड जळते.

त्यामुळे व्हॉल्व्हवर संशय आल्यास प्रथम फीलर गेजने ही फट मोजून घ्यावी. ज्या इंजिनांत ती आपोआप जुळते, तेथे याची गरज नसते. व्हॉल्व्ह जळण्यापूर्वी फट जुळविल्यास दाब पूर्ववत होऊ शकतो. कड जळल्यावर मात्र हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलणे आणि बैठक दुरुस्त करणे अपरिहार्य ठरते. दुरुस्तीस संमती देण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरच्या दाबाचे आकडे मागून घेणे वाहनधारकाच्या हिताचे आहे.