27 नंबरचं अक्षर

नांदेडच्या घरी माळ्यावर पडलेला जुना संगणक गेल्या उन्हाळ्यात खाली काढला. त्यातलं लिनक्सही त्याच्याच वयाचं: माउस नाही, चित्रं नाहीत, काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. एका फाइलमध्ये काय आहे ते बघावं म्हणून ती सरळ स्क्रीनवर ओतली. निघाली फोटोची फाइल. दोन-तीनदा टूं टूं वाजलं, चित्रविचित्र खुणा सरसर वर गेल्या, आणि सगळं थांबल्यावर मी टाइप केलेलं काहीच वाचता येईना. छोटा क्यू दाबला की आडवी रेघ, छोटा एक्स दाबला की उभी. एल, के, एम, जे या चौघांनी तर चौकटीचे चार कोपरेच वाटून घेतलेले.

बिघडला म्हणून बंद करायला हात नेला, तेवढ्यात एक गोष्ट दिसली. मोठी अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे होते. बदलली होती ती फक्त छोटी अक्षरं. बिघाड इतका शिस्तशीर नसतो.

झालं होतं असं. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. मोठा ए म्हणजे 65, छोटा ए म्हणजे 97. पण 32 च्या खालचे आकडे अक्षरं नव्हेतच, ते हुकूम आहेत. 7 म्हणजे घंटी वाजव. 10 म्हणजे पुढच्या ओळीवर जा. 14 म्हणजे चिन्हांचा दुसरा संच घे, 15 म्हणजे पहिला परत आण. फोटोतल्या हजारो आकड्यांमध्ये कुठेतरी एक 14 येऊन गेला होता आणि बिचाऱ्या स्क्रीनने तो इमानेइतबारे पाळला होता. रेघा आणि कोपरे हाच तो दुसरा संच. मी 15 पाठवला, अक्षरं परत आली.

या हुकमांचा म्होरक्या 27. त्याचं नाव एस्केप. तो आला की पुढचं वाचायचं नाही, पाळायचं. अमेरिकेतल्या डेक कंपनीने 1978 मध्ये व्हीटी 100 नावाचं टर्मिनल आणलं, म्हणजे लांबच्या मोठ्या संगणकाला तारेने जोडलेली स्क्रीन आणि कीबोर्ड. 24 ओळी, ओळीत 80 अक्षरं. आत इंटेलचा 8080 प्रोसेसर आणि सगळी अक्कल 8 किलोबाइटच्या रॉममध्ये. हा लेख साठवायला त्याहून जास्त जागा लागते! त्या एवढ्याशा जागेत कर्सर कुठेही हलवणं, ओळ दुप्पट रुंद करणं, स्क्रीन पुसणं असं सगळं 27 ने सुरू होणाऱ्या छोट्या छोट्या क्रमांनी चालायचं.

लातूरची भाची सुट्टीला आली होती. तिला म्हटलं, बघ. 27 पाठवला, मग हॅशची खूण, मग 8. क्षणात अख्खी स्क्रीन मोठ्या ईने गच्च भरली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ईच ई. पिक्चर ट्यूबवरचं चित्र तिरकं तर नाही ना, हे तपासायला दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठेवलेला हा हुकूम. ट्यूब गेली, हुकूम राहिला.

मग 27, चौकोनी कंस आणि छोटा सी. काही वेगळं दिसलं नाही, पण मी हात न लावता माझ्याच ओळीवर आपोआप उमटलं: 6, सी.

"मामा, हे कोणी टाइप केलं?"

स्क्रीनने. तो क्रम म्हणजे प्रश्न आहे: तू कोण? आणि लिनक्सचा साधा कन्सोल आजही त्यावर उत्तर देतो: मी व्हीटी 102. नव्या लॅपटॉपच्या पोटात डेकच्या जुन्या टर्मिनलचं नाव सांगणारं कोणीतरी बसलेलं आहे, हे मला आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

टर्मिनलच्या पुस्तिकेत असलेल्या हुकमांचं ठीक. नसलेल्यांचं काय? कारखान्यातल्या चाचणीसाठी ठेवलेले, पुढच्या मॉडेलसाठी अर्धे लिहून सोडलेले, जागा वाचवायला केलेल्या काटकसरीतून नकळत तयार झालेले असे हुकूम रॉममध्ये राहून जातात. शोधायचे तर दोन वाटा. एक चिकाटीची: 27 नंतर स्पेस धरून छापता येणारी 95 चिन्हं एकेक करून पाठवायची, काय हललं ते वहीत टिपायचं, मग चौकोनी कंसानंतरचे आकडे एकापासून घ्यायचे. दुसरी वाट रॉममधले बाइट उतरवून घेऊन तो प्रोग्रॅम उलटा वाचायची. दुसरीत उत्तर पक्कं मिळतं. मला पहिलीच प्रिय आहे.

आपल्या लिप्यांसाठीही गुप्त वाटावेत असे क्रम आपल्याकडेच बांधले गेले. कानपूरच्या आयआयटीत आणि मग 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट हे तंत्र उभं केलं. जिस्ट कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. त्यामागची कोडची पद्धत म्हणजे इस्की, 1991 मध्ये भारतीय मानक झालेली. तिच्यात क म्हणजे 179, हलन्त म्हणजे 232. क, हलन्त, ष दिलं की क्ष जुळतो. हलन्त दोनदा दिला की जोडाक्षर मोडतं आणि पाय मोडलेला क वेगळा उभा राहतो. आणि ॐ ला स्वतःचा आकडाच नाही! चंद्रबिंदू 161, त्यामागे नुक्ता 233, की स्क्रीनवर ॐ. मानकाचं पुस्तक हाती नसलेल्या कोणाच्या बोटांखाली तो पहिल्यांदा उमटला असेल तेव्हा काय वाटलं असेल!

पण खरी कमाल 239 ची. इस्कीने भारतातल्या ब्राह्मी कुळातल्या मुख्य लिप्यांना एकच तक्ता दिला. क कोणत्याही लिपीतला असो, 179 च. नांदेड म्हणजे 198, 218, 162, 196, 225, 191. आता या सहांच्या आधी 239 आणि 69 ठेवा: शब्द तेलुगूत दिसेल. 69 ऐवजी 72 ठेवा, कन्नडमध्ये. 75 ठेवा, गुरुमुखीत. 66 ठेवा, परत देवनागरी. ओळ संपली की हुकूमही संपतो. देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलुगू, उदगीरच्या पलीकडे बिदर आणि कन्नड, आणि गावात सचखंड गुरुद्वारा. आमच्याइतकी त्या एका बाइटची गंमत कोणाला कळणार?

पुढे युनिकोड ही नवी कोडची पद्धत आल्यावर प्रत्येक लिपीला वेगळी जागा मिळाली आणि 239 ची गरज सरली. तरी युनिकोडने मांडणीचा क्रम 1988 च्या इस्कीवरूनच घेतला, त्यामुळे लिप्या आजही सारख्याच रांगेत उभ्या आहेत. देवनागरी क 2325 वर, गुरुमुखी क त्याच्या बरोबर 256 घरं पुढे, तेलुगू 768, कन्नड 896. काही ठिकाणी रांगेत भोकं आहेत: तमिळमध्ये ख, ग, घ नाहीत, तर त्यांच्या जागा तशाच रिकाम्या सोडल्या आहेत.

भाचीने वही घेतली. लातूर: 2354, 2366, 2340, 2370, 2352. प्रत्येकात 896 मिळवले: 3250, 3262, 3236, 3266, 3248. हे आकडे अक्षरांत बदलून फोनवर बघितले, तर ल, ा, त, ू, र कन्नडमध्ये नीट जुळून बसलेले. तिने ते दोनदा तपासलं आणि पान उलटून वर लिहिलं, उदगीर.