पक्के लायसन्स, कच्चा चालक

गाडी शिकत असलेल्या माणसाच्या हातून फारसे अपघात होत नाहीत. शेजारी जाणता माणूस बसलेला असतो, वेग बेताचा असतो आणि पुढे-मागे लावलेले लाल ‘एल’ अक्षर पाहून इतर वाहने जरा अंतर राखतात. धोका सुरू होतो तो पक्के लायसन्स हाती आल्यावर. एकट्याने गाडी चालवण्याच्या पहिल्या काही महिन्यांत अपघातांचे प्रमाण एकदम चढते, वर्षभरात झपाट्याने उतरते आणि पुढे कित्येक वर्षे हळूहळू कमी होत राहते. ज्या देशांनी नव्या चालकांच्या नोंदी नीट ठेवल्या, त्या बहुतेक ठिकाणी आलेख असाच निघाला. याला तरुण वय जितके कारणीभूत आहे तितकेच नवखेपण. चाळिशीत गाडी शिकलेल्यालाही पहिले वर्ष जड जाते. अठराव्या वर्षी मात्र दोन्ही गोष्टी एकदमच वाट्याला येतात.

भारतात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 वयोगटातली होती, आणि 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा 15 हजारांच्या वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 29 या वयात जगभर सर्वाधिक जीव रस्त्यावरच जातात. साथीचे रोगही त्यामागे पडतात.

नवख्याला गाडी चालवता येत नाही, असे नाही. क्लच कसा सोडायचा, गिअर कधी बदलायचा हे हातापायांना दोन-तीन आठवड्यांत जमते. कमी पडते ती नजर. अमेरिकेत मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी 1972 मध्ये चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा शिकाऊ चालक बॉनेटच्या पुढचा थोडासाच रस्ता पाहत असतात आणि आरशाकडे क्वचितच वळतात, असे आढळले. मुरलेला चालक लांबवर पाहतो, बाजूला पाहतो, मागे काय चालले आहे याचा अंदाज ठेवतो आणि त्यातून पुढच्या काही सेकंदांत काय घडेल हे ताडतो.

ऊसगाळपाच्या हंगामात सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडच्या रस्त्यांवर हा फरक नेमका दिसतो. रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघालेला असतो. मागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला किंवा बाहेर लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. त्या भागात वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याला ट्रॉली दिसण्याआधी तिची चाहूल लागते. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्या, ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड मध्येच झाकला जाणे, एवढे त्याला पुरते आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघतो. नवख्याला ट्रॉली दिसते ती थेट हेडलाइटच्या झोतात आल्यावर. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 25 मीटर रस्ता ब्रेक न लागताच संपलेला असतो. डिपर मारलेला असेल तर नीट दिसणारा रस्ताच मुळात त्याच्या जेमतेम दुप्पट.

वयाचा भाग यापुढचा. मेंदूतला जो भाग परिणामांचा विचार करतो आणि ऊर्मी आवरतो, तो पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. म्हणून बापासोबत शहाण्यासारखी गाडी चालवणारा मुलगा मित्र मागे बसले की कट मारायला लागतो. अमेरिकेतल्या 16-17 वर्षांच्या चालकांच्या अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा गाडीत समवयस्क जितके अधिक, तितका चालकाच्या मृत्यूचा धोका वाढत गेलेला दिसला. शेजारी मोठा माणूस असला की धोका उलट घटतो. आपल्याकडच्या ट्रिपल सीटमध्ये तोल, ब्रेक आणि ही बढाई असे तिन्ही धोके एकाच गाडीवर बसलेले असतात.

आता हे सारे तपासणारी परीक्षा कशी आहे ते पाहू. लर्निंग लायसन्ससाठी संगणकावर 15 प्रश्न येतात, 9 बरोबर आले की काम झाले. महाराष्ट्रात 2021 पासून ही परीक्षा घरबसल्याही देता येते. उत्तरे नेमकी कोण देते हा प्रश्न त्यातून उभा राहिलाच. लर्निंग लायसन्स सहा महिने चालते आणि 30 दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. दुचाकीवाल्याने पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, मोटारवाल्याने पुढे-मागे घेत गाडी आखलेल्या जागेत बसवायची. भोसरीच्या केंद्रासारखी संगणकीय चाचणीपट्ट्याची सोय जिथे आहे, तिथे वशिला चालत नाही, ही चांगलीच गोष्ट. पण सेन्सर लावलेल्या पट्ट्यावरही तपासली जाते ती गाडी वळवण्याची सफाई. आडगल्लीतून बाहेर येणारी रिक्षा, थांब्यावरून सुटणारी एसटी, दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार, यांतले काहीच त्या पट्ट्यावर नसते. ब्रिटनने 2002 मध्ये यावर एक उपाय काढला. उमेदवाराला रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि संकट आकार घेताना दिसताक्षणी बटण दाबायला लावतात. जितके लवकर ओळखले तितके गुण जास्त. असे काही आपल्या 15 प्रश्नांच्या जोडीला आणणे फारसे खर्चाचेही नाही.

मोटर ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम केंद्रीय नियमांत दिलेला आहे. खासगी मोटारीसाठी किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास. व्यवहारात रोज अर्धा तास, तोही सकाळी रस्ते मोकळे असताना, आणि शिक्षकाचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर ठेवलेलाच. रात्र, पाऊस, घाट, महामार्ग यांचा पहिला अनुभव शिष्य लायसन्स मिळाल्यावर एकट्यानेच घेतो. दुचाकीची तर शाळाच नाही म्हणायला हरकत नाही. रविवारी रिकाम्या मैदानावर थोरला भाऊ मागून धावतो, दोन-चार फेऱ्या होतात आणि सोमवारी गाडी कॉलेजात.

तेव्हा शिकवणी वाढवली की प्रश्न सुटेल, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब परगण्यात हे अजमावून पाहिले गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे 16 हजार शाळकरी मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला भरपूर तासांचे उत्तम प्रशिक्षण, दुसऱ्याला जुजबी, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. पहिल्या काही महिन्यांनंतर अपघातांत टिकाऊ फरक राहिला नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडे नव्या चालकांना सक्तीचे केले, तर तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढले. गाडी घसरली तरी आपण सावरू, हा विश्वास त्यांना मिळाला आणि वेग वाढला. थोडे कौशल्य आणि भरपूर आत्मविश्वास ही जोडी वाहन प्रशिक्षणात सर्वांत महाग पडते.

उपाय सापडला तो वेगळ्याच दिशेने. अनुभव वर्गात देता येत नसेल, तर तो मिळेपर्यंत माणसाला मोठ्या धोक्यांपासून लांब ठेवायचे आणि लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायचे. न्यूझीलंडने ही पद्धत 1987 मध्ये सुरू केली. तिथे शिकाऊ आणि पक्के यांच्यामध्ये एक मर्यादित लायसन्स असते. रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने गाडी चालवायची नाही आणि जाणता चालक शेजारी नसेल तर कोणाला बरोबर घ्यायचे नाही. पुढे कॅनडाचे प्रांत, अमेरिकेतली राज्ये आणि ऑस्ट्रेलियाने आपापल्या परीने तीच वाट धरली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 25 वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला 120 तास गाडी चालवल्याची नोंदवही भरावी लागते, त्यातले 20 तास रात्रीचे. मग किमान वर्षभर लाल ‘पी’ आणि त्यानंतर दोन वर्षे हिरवा ‘पी’ गाडीवर मिरवायचा. लाल असताना ताशी 90 किलोमीटरच्या वर जायचे नाही. दोन्ही काळात दारूचा थेंब चालत नाही आणि मोबाइल तर हँड्स-फ्रीसुद्धा नाही. सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आईबापांचे कित्येक शनिवार-रविवार मुलांच्या या 120 तासांपायी जातात. जर्मनीत वयाच्या सतराव्या वर्षी लायसन्स मिळते, पण अठरा पूर्ण होईपर्यंत नाव नोंदवलेला मोठा माणूस शेजारी बसायलाच हवा. ब्रिटनचा कायदा शिक्षेच्या बाजूने येतो. पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण जमले की लायसन्स रद्द, परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

कडक नियम असलेल्या अमेरिकी राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे अपघात ठळकपणे घटले. 18-19 वर्षांच्या बाबतीत फायदा इतका स्पष्ट नाही. तिथे हे निर्बंध बहुतेक अठराव्या वर्षी संपतात, हेही त्याचे एक कारण असावे. भारतात सुरुवातच अठराला होते, त्यामुळे परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

त्याहून मोठी अडचण दुचाकीची आहे. शेजारी बसणारा जाणता माणूस हा या सगळ्या योजनांचा कणा, आणि स्कूटरला शेजारची सीटच नाही. इथे युरोपची दुसरी पद्धत कामाची ठरेल, ती म्हणजे इंजिनाच्या ताकदीनुसार पायऱ्या. युरोपीय संघात सोळाव्या वर्षापासून 125 सीसी आणि 11 किलोवॉटपर्यंतची मोटरसायकल, अठराव्या वर्षापासून 35 किलोवॉटपर्यंतची आणि त्याहून दमदार गाडी दोन वर्षांच्या अनुभवानंतर. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचे लायसन्स एकच. शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवलेला मुलगा त्याच कार्डावर हजार सीसीची गाडी घेऊन घाटात निघू शकतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नसते. शिकाऊ दुचाकीस्वाराने शिक्षकाखेरीज कोणाला मागे बसवायचे नाही, हा नियम आपल्याकडे आहेच. तो पक्क्या लायसन्सच्या पहिल्या वर्षापर्यंत वाढवला आणि सीसीच्या दोन पायऱ्या केल्या, तर नवे खाते किंवा नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. दारूची मर्यादाही आज सर्वांना सारखीच आहे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. नवख्यांसाठी ती शून्यावर आणण्यात तर कोणाचेच काही जात नाही.

कायदा बदलेपर्यंत यातले बरेच घरात पाळता येते. पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडीची किल्ली मिळणार नाही, मागे एकाहून अधिक मित्र नाही, महामार्गावर पहिल्या दहा-बारा खेपांना शेजारी मोठे कोणीतरी, एवढे ठरले तरी पुष्कळ. पहिला पाऊसही मोठ्यांच्या सोबतीने अनुभवलेला बरा. उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींनी कालवली जाऊन रस्त्यावर साबणासारखा थर होतो आणि त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की दुचाकी हातातून जाते. दुचाकी निवडताना रंगाआधी एबीएस पाहावे. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते 2019 पासून सक्तीचे आहे. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जाते. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50 हजारांहून अधिक दुचाकीस्वार आणि सहप्रवासी दगावले.

अठरा पूर्ण नसलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीचे, आणि अशी पेट्रोलची गाडी दुकानात शोधूनही सापडत नाही. अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर रांगेने लावलेल्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असलेल्या विजेवरच्या स्कूटरला लायसन्सच लागत नाही. त्यामुळे परीक्षा, ‘एल’ची पाटी किंवा सराव यांपैकी कशाचाच संबंध न येता मुले भर रहदारीत उतरतात. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला. ती 17 वर्षांचा मुलगा चालवत असल्याचे पोलिसांनी म्हटले, आणि जामिनाच्या अटींतल्या 300 शब्दांच्या निबंधाची चर्चा देशभर झाली. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये घातलेले कलम 199-अ त्यामुळे अनेकांना पहिल्यांदाच कळले. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. अशा अपघातात विमा कंपनीला जखमींची भरपाई द्यायला लावली, तरी लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये तिला देतात.