मावळतीची जागा कशी शोधावी?

भूमध्य समुद्राचा जो फाटा ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये शिरला आहे, त्याला एजियन समुद्र म्हणतात. या समुद्रात सँटोरिनी नावाचे एक लहानसे बेट आहे. ग्रीक लोक त्याला थिरा म्हणतात. बेटाची वस्ती अवघी १५ हजारांच्या आसपास. पण उन्हाळ्यात जगभरचे प्रवासी तेथे लोटतात आणि संध्याकाळ झाली की त्यांतले पुष्कळसे एकाच गावाची वाट धरतात. हे गाव म्हणजे बेटाच्या वायव्य टोकावरचे ईया. तेथील सूर्यास्ताची ख्याती इतकी मोठी, की अरुंद गल्ल्यांत उभे राहायलाही जागा उरत नाही. गर्दीचा ताण गावकऱ्यांना सोसावा लागतो, आणि हौसेने आलेल्याला पुष्कळदा सूर्याऐवजी पुढच्या माणसाची पाठच दिसते!

सूर्य काय एकट्या ईयातच मावळतो? मग दुसरी चांगली जागा शोधायची कशी? त्यासाठी बेटाचा नकाशा, कोनमापक आणि शाळेत शिकलेली त्रिकोणमिती एवढे साहित्य पुरते.

प्रथम बेटाची घडण पाहू. इ. स. पूर्वी सुमारे १६०० च्या सुमारास येथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, मधला भूभाग खचला आणि तेथे समुद्र शिरला. त्यामुळे आजचे मुख्य बेट चंद्रकोरीसारखे दिसते. कोरीची पोकळ बाजू पश्चिमेकडे आहे आणि तिच्यासमोर थिरासिया नावाचे दुसरे बेट उभे आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

आता सूर्याकडे वळू. सूर्य पश्चिमेला मावळतो असे आपण म्हणतो. पण तो नेमक्या पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनच वेळा, २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास. एरवी तो उन्हाळ्यात उत्तरेकडे व हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकलेला असतो. किती सरकतो, ते पुढील सूत्राने काढता येते. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, हिच्या साइनला स्थळाच्या अक्षांशाच्या कोसाइनने भागावे. जो भागाकार येईल तो ज्या कोनाचा साइन असेल, तेवढे अंश सूर्य पश्चिमेपासून बाजूला मावळतो.

२१ जूनच्या सुमारास क्रांती २३.५ अंश असते. सँटोरिनीचा अक्षांश ३६.४ अंश उत्तर आहे. ०.३९९ भागिले ०.८०५ म्हणजे जवळजवळ ०.५, आणि ०.५ हा ३० अंशांचा साइन! म्हणजे जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या ३० अंश उत्तरेला मावळतो, तर डिसेंबरमध्ये ३० अंश दक्षिणेला. सहा महिन्यांत मावळतीची जागा तब्बल ६० अंश हलते.

आता नकाशावर रेघा मारा. ईयाहून थिरासिया नैर्ऋत्येच्या अंगाला येते. जूनची रेघ तिच्या उत्तरेकडून मोकळी निघून जाते. डिसेंबरची रेघ मात्र थिरासियाच्या डोंगरांवर जाऊन आदळते. कड्यावर वसलेल्या फिरा या मुख्य गावाहून पाहिले तर सारे उलटे! तेथून थिरासिया पश्चिमेला दिसते. म्हणून एप्रिल किंवा ऑगस्टमध्ये सूर्य तिच्याआड जातो, आणि डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडच्या मोकळ्या समुद्राकडे सरकतो. नैर्ऋत्य टोकावर आक्रोतिरीचे दीपगृह आहे. त्याच्या पश्चिमेस थिरासियासारखा जवळचा अडथळा नाही, म्हणून ती जागा बाराही महिने चालते. उलट, पूर्व किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूच्या पुळणी पहाटे गाठाव्यात. संध्याकाळी बेटाचेच डोंगर आड येतात.

उंचीचेही गणित आहे. आपली उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.६ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पुळणीवर उभे राहिल्यास क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरांवर असते. सुमारे ५६५ मीटर उंचीच्या प्रोफितिस इलियास डोंगरावरून ते सुमारे ८५ किलोमीटरांवर जाते. क्षितिज असे खाली झुकल्यामुळे डोंगरावरच्या माणसाला पुळणीवरच्या माणसापेक्षा सूर्य तीन मिनिटांहून अधिक काळ जास्त दिसतो.

शेवटी हवेची करामत पाहा. क्षितिजापाशी प्रकाशाचे वक्रीभवन सुमारे ३४ कला होते, आणि सूर्याचा व्यास सुमारे ३२ कला आहे. म्हणजे सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य संपूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो! आपण पाहतो ती हवेने उचलून धरलेली प्रतिमा. किरणांना तिरका आणि फार लांबचा प्रवास करावा लागल्याने निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. मात्र हवेत धूळ फार झाली तर रंग फिके पडतात. वसंत ऋतूत आफ्रिकेच्या सहारा वाळवंटातली धूळ या समुद्रावर येते, तेव्हा सूर्य कधी कधी पाण्याला टेकण्यापूर्वीच धुरकट पट्ट्यात विरून जातो. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारे कोरडे वारे हवा स्वच्छ करतात. पण आकाश निरभ्र असल्याने रंग साधे दिसतात. उंचावर विरळ ढग असले, तरच सूर्य बुडाल्यानंतरही आकाश खालून उजळून निघते. म्हणून सूर्य बुडताच परत फिरणाऱ्यांचा खरा सोहळा पुष्कळदा हुकतो.

तेव्हा ‘सूर्यास्ताची सर्वोत्तम जागा कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या तारखेला?’ हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही.

हा प्रयोग करण्यासाठी ग्रीसला जाण्याची गरज नाही. रत्नागिरीचा अक्षांश सुमारे १७ अंश. तेथे हाच कोन सुमारे २५ अंश येतो. तुमच्या गावाचा कोन तुम्ही काढा. भरदुपारी सरळ उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली खुणेने नोंदवा. ती उत्तर-दक्षिण रेघ. तिला काटकोनात पश्चिम. मग दर महिन्याला गच्चीवरून मावळतीची दिशा मोजून वहीत टिपा. मात्र सूर्याकडे टक लावून पाहू नका, आणि दुर्बिणीतून तर कधीच पाहू नका. वर्ष संपेल तेव्हा सूर्य कोणत्या दिवशी कोणत्या झाडाआड जाईल, हे तुम्ही आधीच सांगू शकाल. मग पुढे कधी एखाद्या अनोळखी बेटावर गेलात, तर गर्दीच्या मागे न जाता आपली जागा आपणच शोधाल.