हाताशी पाणी

मार्च १८७०मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपुरात जोडला गेला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्यानंतर मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग रेल्वेने जाता येऊ लागले. या घटनेविषयी व्यापार, टपाल, फौजा यांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे कुतूहल वेगळे आहे. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर दोन रात्री काढणारा माणूस सकाळी काय करत असेल? त्याच्या डब्यात शौचकूप नव्हता. गाडी थांबली की तांब्या घेऊन उतरायचे, आडोसा शोधायचा आणि शिट्टीकडे कान ठेवून उरकायचे. बाईमाणसाला तेही शक्य नसे.

१९०९मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला एक तक्रार लिहिली. तो शौचाला उतरला असताना गार्डाने गाडी सोडली. एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर अशा अवस्थेत तो धावला आणि फलाटावर सगळ्यांदेखत पडला. हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि त्यातल्या मोडक्या इंग्रजीवर आजही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. धुतल्यावाचून उठायचे नाही एवढा साधा संस्कार पाळताना एका माणसाची अब्रू गेली आणि ती त्याने परत मागितली, असा तो कागद आहे. पुढे १९१७मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गातल्या प्रवासावर लिहिले. मुंबई ते मद्रास या प्रवासात डब्यातला शौचकूप एकदाही साफ झाला नाही आणि टाकीत पाणी नव्हते, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे शौचकूप आला, पण पाणी आले नाही.

शौचानंतर पाण्याने धुणे हे आपल्याकडे कुणी नव्याने शिकवावे लागलेले नाही. कागदाने पुसण्याने त्वचेवरचा मळ पुरता निघत नाही, पाण्याने निघतो, यावरही आपल्यात वाद नाही. आपली खरी अडचण दुसरी आहे. पाणी नेमके त्या जागी, हात पोचेल इतके जवळ, प्रत्येकाला मिळते का? जबलपूरकडे पाहताना मला हाच प्रश्न दिसतो.

हे शहर मराठी माणसाला परके नाही. १७८१पासून ते सागरच्या मराठ्यांकडे होते आणि १७९८नंतर नागपूरकर भोसल्यांकडे. १८१७मध्ये इंग्रजांनी ते घेतले. पुढे १८६१पासून १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात राहिले. वकिली, शिक्षकी, रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. गोंड काळापासून तलावांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाला नळाचे पाणी १८८३मध्ये मिळाले, खंदारीच्या जलाशयातून. त्यासाठी सेठ गोकुळदासांनी पैशाची मोठी मदत केली होती. जबलपूरच्या मातीतून आणखी एक गोष्ट घडली. बर्न कंपनी आणि परफेक्ट पॉटरी यांचे कारखाने इथे उभे राहिले आणि गटारांसाठी लागणारे चकाकी दिलेले मातीचे नळ इथे भाजले जाऊ लागले. स्वच्छ पाणी आत आणणे आणि घाण पाणी बाहेर नेणे, शौचालयाची ही दोन्ही टोके या शहराने हाताळली आहेत.

तरी नळ आला तो आधी ठराविक वस्त्यांत. बाकी घरांत पाणी बाईच्या डोक्यावरून यायचे. परसाकडच्या टमरेलातले पाणीही तिनेच भरलेले असे, आणि स्वतःसाठी मात्र तिला अंधार पडायची वाट पाहावी लागे. पाण्याने धुण्याच्या आपल्या परंपरेचा अभिमान बाळगताना हे विसरून चालणार नाही.

परंपरेतली दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचानंतर कोणते अंग मातीने आणि पाण्याने किती वेळा घासावे याची मोजदाद आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या आन्हिकाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. माती चोळून हात धुणे ही साबणाआधीची चांगलीच रीत होती. पण स्वतःच्या डाव्या हाताची इतकी काळजी करणाऱ्या समाजाने पाट्यांच्या संडासातला मैला दुसऱ्याच्या डोक्यावर दिला आणि त्यालाच अशुद्ध ठरवले. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही, तो शब्द फार सौम्य आहे. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केले, ते याच अन्यायाविरुद्ध. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारे संडास त्यांनी उभे केले. धुण्याची चर्चा धुणाऱ्या हातापाशी संपत नाही, हे महाराष्ट्राला इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितले.

नर्मदा परिक्रमेला जाणारी मराठी मंडळी जबलपूरला ग्वारीघाटावर थांबतात. परिक्रमेचा एक नेम मला फार मोलाचा वाटतो: मैयाच्या काठावर शौच नाही. पाणी भांड्यात घ्यायचे, दूर जायचे, तिथेच धुवायचे. अंग धुण्यासाठी नदी आपल्याकडे आणायची, आपण घाण घेऊन नदीत उतरायचे नाही. आजचा सांडपाण्याचा अभियंता याहून वेगळे काय सांगेल?

युरोपात हीच गरज वेगळ्या वाटेने भागवली गेली. बिदे हे बसून धुण्याचे बुटके पात्र अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत दिसू लागले. आधी ते लाकडी चौकटीत बसवलेले असे. घरात नळ आले तसे ते न्हाणीघरात स्थिर झाले. इटलीने १९७५च्या नियमाने घरातल्या एका न्हाणीघरात तरी बिदे असलाच पाहिजे असे ठरवले. जपानच्या तोतो कंपनीने १९८०मध्ये ‘वॉशलेट’ आणले. बैठकीतूनच पाण्याची धार यावी यासाठी तिथल्या अभियंत्यांनी कर्मचाऱ्यांकडून चाचण्या करून घेतल्या आणि धारेचा कोन ४३ अंश, पाण्याचे तापमान ३८ अंश असे ठरवले. आज जपानमधल्या दहापैकी सुमारे आठ घरांत अशी बैठक आहे. उलट अमेरिकेत १८५७मध्ये जोसेफ गेटी याने शौचाचा कागद विकायला काढला, १८९०च्या सुमारास त्याची गुंडाळी आली आणि कागदच रुजला. कॅनडाच्या उत्तरेकडची जुनी जंगले या मऊ कागदासाठी तुटतात, याकडे २०१९च्या एका अहवालाने लक्ष वेधले.

मार्च २०२०मध्ये महासाथीच्या धास्तीने अमेरिकेतल्या दुकानांतले कागदाचे फडताळ रिकामे झाले. तिथल्या मराठी घरांवर त्याचा फारसा परिणाम होण्याचे कारण नव्हते. कमोडशेजारी प्लास्टिकचा मग कित्येक वर्षे होताच. पण तिथे मगाची एक खरी अडचण असते. आपल्या संडासात जमिनीला उतार आणि नहाणी ट्रॅप असतो, सांडलेले पाणी निघून जाते. अमेरिकेतल्या बहुतेक न्हाणीघरांत जमिनीला निचराच नसतो. पाणी सांडले की ते खालच्या घराच्या छतात उतरते. म्हणून तिथे बैठकीखाली बसणारी तोटी अधिक सोयीची, आणि इथे हातातला जेट स्प्रे. कमोडच्या आतच बसवलेली, बाजूच्या चावीने चालणारी तोटी आपल्याकडे अजून दिसते. ती मला पटत नाही. तिचे तोंड सतत घाणीच्या वाऱ्यावर राहते आणि ते नीट साफही करता येत नाही.

जेट स्प्रे ही श्रीमंती सोय आहे असे मानणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहावे. संधिवाताने आखडलेल्या हाताला भरलेला मग मागे नेता येत नाही. अर्धांगवायू झालेल्याला एकाच हाताने सगळे करावे लागते. बाळंतिणीच्या टाक्यांना, मूळव्याधीच्या किंवा फिशरच्या रुग्णाला पुसणे म्हणजे यातना. त्यांना हळू धारेचे पाणी हा इलाजाचाच भाग असतो. धार जोराची मात्र नको. नाजूक त्वचेला ती इजा करते. बायकांनी धुण्याची दिशा पुढून मागे ठेवावी, म्हणजे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. आणि धुऊन झाल्यावर कोरडे करावे, ओल राहिली तर खाज सुटते. त्यासाठी सुती फडक्याचा तुकडा किंवा थोडा कागद वापरायला काहीच हरकत नाही.

साबणाविषयी मी आग्रही आहे. पाण्याने अंग स्वच्छ झाले तरी हात धुवायचा राहतोच. व्हॅल कर्टिस आणि सँडी केर्नक्रॉस यांनी २००३मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा साबणाने हात धुण्याने अतिसाराचा धोका ४० टक्क्यांहून अधिक घटतो असे दिसले. नंतरच्या आढाव्यांत ही घट ३० टक्क्यांच्या आसपास आली. तीसुद्धा थोडी नाही. तरी कित्येक सार्वजनिक शौचालयांत नळ असतो आणि साबण नसतो.

पुन्हा रेल्वेकडे येऊ, कारण २००३पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. साध्या डब्यांतल्या शौचालयात नळाखाली साखळीने बांधलेला स्टीलचा मग असतो. चोरी होऊ नये म्हणून साखळी, हे समजते. पण ती आखूड असली की मग हवा तिथे पोचत नाही. नळाला पाणी असेल याचीही खात्री नसते. मग प्रवासी पाण्याची बाटली घेऊन आत जातो आणि रिकामी झाली की भांड्यातच टाकतो. आता भांड्याखाली जैवशौचालयाची टाकी आहे, मैला रुळांवर पडत नाही, ही फार मोठी सुधारणा आहे. पण त्या टाकीला बाटल्या तुंबवतात. बाटली टाकू नका, अशा सूचना लावल्या जातात. बाटली आत का न्यावी लागते, हे कुणी विचारलेले मला दिसले नाही. पुरेशी लांब साखळी, चालणारा नळ आणि निघून न येणारा स्प्रे यांचा खर्च टाक्या उपसण्याच्या खर्चाशेजारी ठेवून पाहायला हवा.

घरी स्प्रे बसवायचा असेल तर उजव्या हाताला, बसल्यावर सहज पोचेल अशा उंचीवर बसवावा, म्हणजे डावा हात धुवायला मोकळा राहतो. भिंतीतली चावी वापरानंतर बंद करावी. सतत दाब राहिला की नळी फुटते आणि घरात पाणी होते. नळी भांड्यात लोंबकळू देऊ नये, कारण दाब उतरला की घाण पाणी उलटे ओढले जाऊ शकते. पाणीही मोजून वापरावे. खेड्यांसाठी केलेल्या तीव्र उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. शहरातली जुनी फ्लशची टाकी एका ओढीला दहा लिटर सोडते. धुण्यात पाणी उधळले जात नाही, ते उधळले जाते वाहून नेण्यात. आणि जबलपुरात ते वाहते ओमती आणि मोती या नाल्यांतून, ज्यांच्या काठी राहणाऱ्या अनेकांच्या घरात हा स्प्रे अजून पोचलेला नसेल.