मनातलं बोला, चालता चालता

कंबर दुखली तर आपण चारचौघांत सांगतो. मन दुखलं तर मात्र सांगायला जागाच नसते. दहा बाय बाराची खोली, घरात पाच माणसं, मध्ये पत्रा आणि पलीकडे शेजारी. सून रडली की गल्लीला कळतं. दवाखान्यात मनोविकाराच्या दारासमोर बसावं, तर ओळखीचं कुणी बघेल ही धास्ती. मग झोप उडते, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. बाई डोकेदुखीची गोळी घेते आणि माणूस बाटलीकडे वळतो. नर्स म्हणून वॉर्डात मी असे कितीतरी पेशंट पाहिले.

यावर एक साधी वाट आहे. समुपदेशकाबरोबर चालत चालत बोलायचं. १९७० च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. थॅडियस कोस्ट्रुबाला आपल्या रुग्णांबरोबर धावता धावता उपचार करू लागले. आज अनेक देशांत समुपदेशक चालत बोलतात.

यात मध्ये टेबल नसतं. दोघं शेजारी चालतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून अडलेला शब्द सुटतो. बोलता बोलता थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, पावलं चालूच असतात. नियमित चालण्यानं नैराश्य हलकं होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

चालणं आणि मन यांचं नातं आपल्याला नवं नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यात आजार कमी होणं, अन्न पचणं आणि मनाची एकाग्रता टिकणं हेही आहेत. चंक्रमण मौनात करायचं असतं. इथं मात्र ऐकणारा जाणकार सोबत हवा.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर, सांगलीत कृष्णाकाठी सकाळी लोक फिरायला येतात. त्यात दोघी बोलत चालल्या तर कुणी वळून बघत नाही. या वाटा जितक्या इतरांच्या, तितक्याच आपल्या.

पण काही गोष्टी आधी ठरवा :

• समुपदेशकाला सरळ विचारा, "ताई, आपण चालत बोलू या का?" वेळ आणि वाट दोघांच्या सोयीची असावी.
• ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, हेही ठरवा. तुमची माहिती गुप्त राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमचा हक्क आहे.
• उन्हात जाऊ नका, पाणी जवळ ठेवा. लिथियमची गोळी चालू असेल तर जास्तच जपा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते.
• दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

चालणं सुरू केलं म्हणून मनाची गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्याला आवाज ऐकू येतात, भलते संशय येतात, किंवा जो जीव द्यायची भाषा करतो, त्याला फिरायला नेऊन भागणार नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला न्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

शेजारची ताई गप्प गप्प दिसली तर तिला म्हणा, "चल गं, जरा चालून येऊ." ती बोलली तर ऐका, आणि ऐकलेलं गल्लीत सांगू नका. तिला उपचाराची गरज वाटली तर दवाखान्यापर्यंत सोबत जा.

जय भीम!