घरची रंगसफेदी

पावसाळा सरतो, आश्विनातील स्वच्छ ऊन अंगणात उतरते आणि घरोघरी दिवाळीपूर्वीच्या कामांची लगबग सुरू होते. पावसाच्या ओलीने भिंतींवर डाग पडलेले असतात, कोपऱ्यांत बुरशी धरलेली असते आणि जुन्या चुन्याचे पोपडे सुटू लागलेले असतात. अशा वेळी अनेक कुटुंबे कारागिराची वाट न पाहता आपल्या घराची रंगसफेदी आपणच करतात. आता बाजारात तयार रंगांचे नाना प्रकार मिळतात. तरीही मातीच्या आणि जुन्या दगडी भिंतींना चुनाच अधिक मानवतो. हे काम दिसावयास सोपे आहे. परंतु त्यातील प्रत्येक कृतीमागे काही कारण आहे. ते कारण ज्याला उमगले, त्याच्या हातून काम सहसा बिघडत नाही.

चुना हा मुळात दगडच होय. चुनखडी, किंवा समुद्रकाठच्या प्रदेशात शिंपले, भट्टीत घालून सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले, म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर ४४ किलो वायू निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. मुंबईतील चुनाभट्टी या भागाचे नाव अशाच भट्ट्यांवरून पडले आहे.

कळीचा चुना पाण्यासाठी जणू तहानलेला असतो. पाणी मिळताच तो फुगतो, फुटतो आणि इतका तापतो, की पाणी उकळू लागते. यालाच चुना विरणे असे म्हणतात. चुना विरवताना पत्र्याच्या पिंपात आधी भरपूर पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडाथोडा टाकावा. चुन्याच्या ढिगावर वरून पाणी मुळीच ओतू नये. तसे केल्यास थोडे पाणी एकदम उकळते आणि तापलेल्या चुन्याचे शिंतोडे चहूकडे उडतात.

चुन्याने त्वचा भाजते. तो डोळ्यात गेला, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. विरून थंड झालेला चुनाही डोळ्यांना तितकाच घातक असतो. पानाला लावावयाच्या चुन्याच्या पुडीशी खेळताना ती फुटून लहान मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून चुना विरविण्याचे काम घरातील जाणत्या माणसानेच, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालून करावे. मुलांनी दूर राहावे. इतकी काळजी घेऊनही चुना डोळ्यात गेलाच, तर डोळा न चोळता तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावा आणि विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

विरलेला चुना रात्रभर मुरू द्यावा व सकाळी कापडातून गाळून घ्यावा. तो दुधासारखा पातळ असावा. चुना भिंतीला चांगला धरावा म्हणून त्यात थोडा डिंक, आणि पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ मिसळतात.

तोवर भिंतीची तयारी करावी. छपरातून पाणी झिरपत असेल, तर आधी फुटके कौल बदलावे. कारण ओलीचे मूळ तसेच राहिले, तर वरचा चुना किती दिवस टिकणार? मग सुटलेले पोपडे खरवडून काढावे. ही धूळ श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे. भेगा आणि खिळ्यांची भोके बुजवावी व भिंतीवर हलकेच पाणी शिंपडावे. कोरडी भिंत चुन्यातील पाणी झटकन शोषून घेते आणि मग चुन्याची भुकटी होऊन ती हाताला लागते. विजेची बटणे असलेल्या भिंतीवर पाणी शिंपडण्यापूर्वी घराचा मुख्य खटका बंद करावा. बटणांजवळची जागा तर कोरडीच ठेवावी.

आता कुंचला हाती घ्यावा. चुन्याचा पहिला हात दिला, की नवशिक्याची निराशा होते. कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि खालचे डाग तसेच राहिलेले वाटतात. मग तो घाईने जाड थर चढवितो. पुढे वाळताना याच जाड थराला तडे जातात. जाणता मनुष्य मात्र पातळ हात देऊन थांबतो. भिंत वाळू लागते तशी ती हळूहळू पांढरी होत जाते. एक हात वाळल्यावर दुसरा आणि गरज भासल्यास तिसरा हात द्यावा.

भिंत पांढरी झाली, तरी चुन्याचे काम संपत नाही. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली असता ती दुधाळ होते, हे शाळेतील प्रयोगात दिसते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडशी चुन्याचा संयोग होऊन चुनखडीचे बारीक कण तयार होतात, म्हणून तसे घडते. भिंतीवरही हेच घडते. मात्र अतिशय सावकाश. भट्टीत गमावलेला वायू चुना हवेतून परत मिळवितो आणि पुन्हा दगड बनतो. या थराला अतिसूक्ष्म छिद्रे असल्यामुळे भिंतीतील ओल त्यांतून बाहेर पडू शकते. दाट तैलरंगाने ही वाट बंद होते आणि आत कोंडलेल्या ओलीने रंगाचे फुगे येतात.

दिवाळीच्या दिवशी पणतीचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पडतो, तेव्हा सारे घर उजळून निघते. त्या भिंतीवर केवळ चुन्याचे नव्हे, तर घरच्या माणसांचेही हात फिरलेले असतात. ज्याने आपली भिंत आपल्या हाताने खरवडली, भिजविली आणि रंगविली, त्याला तिच्यातील प्रत्येक भेग ठाऊक असते; आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती बुजविण्यास तो विसरत नाही.